मुलांना आपल्या वस्तू दुसऱ्यांना द्यायला शिकवायचं आहे, सुट्टीत नेमकी सुरुवात कशी करू?

मीनल_वारजे

नमस्कार. मुलगी साडेसात वर्षांची, दुसरी संपली. मुलगा चार वर्षांचा. मे महिन्यात कपाट आवरायचं आहे आणि या वेळी दोघांनाही त्यात सामील करून घ्यायचं आहे.

घरात अर्धवट वापरलेल्या नऊ-दहा वह्या आहेत, दोन दप्तरं आहेत (एकाची चेन सरकते पण लागत नाही), लहान झालेले गणवेश आणि कपडे, खेळण्यांची मोठी पेटी, तीन-चार जिगसॉ, खडू-पेन्सिलींचा ढीग.

विचारायचं आहे ते असं. काय द्यायचं हे मुलांनी ठरवायचं की आम्ही? धाकटा प्रत्येक वस्तूला "माझं" म्हणतो, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? द्यायचं कुणाला? कामाला येणाऱ्या मावशींना दोन मुली आहेत, शेजारी बांधकामाची साइट आहे, संस्थाही बऱ्याच आहेत. देताना मुलांना सोबत न्यावं का? मुलांच्या मनात "आम्ही गरिबांना दिलं" असा तोरा बसू नये, एवढं मात्र नक्की वाटतं.

---

शुभदा (बालवाडी)

चार आणि साडेसात, दोघांसाठी एकच पद्धत चालणार नाही. वेगवेगळं धरा.

चार वर्षांच्या मुलाचं "माझं" हा हट्टीपणा नाही. त्या वयात वस्तू आपली असणं हेच नुकतं कळलेलं असतं, आणि जी आपली आहे असं वाटतच नाही ती देणार तरी कशी? म्हणून आधी त्याचा हक्क पक्का करा. कपाटातला एक खण फक्त त्याचा. त्यात त्याला हवी ती पाच-सहा खेळणी, आणि ती कुणीही मागायची नाहीत, ताईनेही नाही, पाहुण्यांच्या मुलांनीही नाही. एवढी खात्री मिळाली की उरलेल्या ढिगाकडे तो बराच मोकळेपणाने बघतो.

मग त्या ढिगातून एका वेळी दोनच वस्तू समोर ठेवा आणि विचारा, "यातलं कोणतं द्यायचं?" आख्खी पेटी समोर ओतून "यातलं काय नको?" असं विचारलंत तर विसरलेलं प्रत्येक खेळणं त्याला नव्याने हवंसं वाटणार. एका दिवसात दोन किंवा तीन वस्तू पुरे, पंधरा-वीस मिनिटांत आवरतं घ्या. "दोन्ही नको द्यायला" म्हणाला तर त्या दिवशी विषय बंद. अडलेल्या वस्तूंसाठी एक "विचार करू" खोका ठेवा. खोका उघडाच राहू द्या, त्यातून परत काढून घ्यायला मुभा हवी. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

मुलं झोपल्यावर गुपचूप वस्तू काढून देणं पूर्ण टाळा. हरवलेलं खेळणं मुलांना कधी ना कधी आठवतंच, आणि मग पुढची दोन-तीन वर्षं ती प्रत्येक वस्तू छातीशी धरून बसतात.

बक्षीस नको. "हे दिलंस तर नवीन गाडी घेऊ" म्हटलं की तो सौदा झाला. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे. मदत केल्यावर ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, त्यांनी पुढच्या वेळी इतरांपेक्षा कमी मदत केली. नुसती शाबासकी दिलेल्या मुलांमध्ये असं झालं नाही. शाबासकीही बेताची ठेवा, आणि ती कामाची असू द्या. "किती मोठं मन आहे गं तुझं" यापेक्षा "सगळे तुकडे मोजून पिशवीत भरलेस, आता ज्याला मिळेल त्याला पूर्ण चित्र जुळवता येईल" हे वाक्य जास्त उपयोगी, कारण त्यात घेणारा मूल म्हणून दिसतो.

मोठीच्या हाती काम द्या. साडेसातव्या वर्षी मूल तपासणी उत्तम करतं. तिला एकच कसोटी सांगा: हीच वस्तू तुझ्या मैत्रिणीला वाढदिवसाला द्यायला तुला संकोच वाटेल का? वाटत असेल तर ती आधी दुरुस्त करायची, दुरुस्त होत नसेल तर भंगारात. जिगसॉ तिने स्वतः एकदा पूर्ण जुळवायचा. एक तुकडा कमी असला तरी तो द्यायचा नाही. स्केचपेन घेऊन कागदावर वीतभर रेघ मारायची, मध्येच फिकी झाली तर ते बाद. पेन्सिल निम्म्याहून लांब असेल तर टोक काढून ठेवायची. हे तपासणं हाच त्यातला सर्वात मोलाचा भाग. नुसती पिशवी उचलून गाडीत ठेवण्यातून मूल काही शिकत नाही.

दोघांचं सामायिक खेळणं असेल तर दोघांचाही होकार लागेल. ताईने भावाचं उदार मनाने देऊन टाकणं चालणार नाही.

---

बांधणीवाला

वह्यांचं सांगतो, कारण अर्धवट वह्या तशाच देणं आणि लिहिलेली पानं टराटरा फाडून देणं, दोन्ही चुकीचं आहे.

मधोमध पिना मारलेली शंभरपानी वही म्हणजे दोन्ही बाजू धरून शंभर पानं, म्हणजे सुटे कागद पन्नास, म्हणजे दुमडलेले जोडकागद पंचवीस. पुढचा प्रत्येक कागद मागच्या एका कागदाला जोडलेला असतो. पुढून पंधरा फाडले की मागचे पंधरा सैल होतात आणि आठवड्याभरात गळून पडतात. फाडलेल्या वह्या टिकत नाहीत त्या एवढ्यासाठी.

त्यापेक्षा पिना उलथण्याने उचकटून काढा (हे मोठ्यांनी करायचं, गंजलेल्या पिना बोटात घुसतात). वही सुटी करा. पुढचे पंधरा कागद लिहिलेले असतील तर आतले दहा जोडकागद पूर्ण कोरे निघतील, म्हणजे चाळीस पानं. अशा दोन वह्यांचे वीस जोडकागद एकावर एक ठेवले की ऐंशी पानांची नवी वही तयार. वीसपेक्षा जास्त घेऊ नका. आतले कागद पुढच्या कडेने बाहेर डोकावतात आणि वही नीट मिटत नाही.

जुळवण्याआधी आखणी बघा. दुसरीच्या मुलीकडे एकरेघी, दुरेघी, चाररेघी आणि चौकटी अशा चारही वह्या असतील. त्या एकमेकींत मिसळल्या तर शिकणाऱ्या मुलाच्या काही कामाच्या राहत नाहीत: मराठीच्या तासाला मध्येच चौकटी येतात. मुलीला आधी चार ढीग करायला सांगा.

शिवण सोपी आहे. मधल्या घडीवर तीन खुणा: एक बरोबर मध्यावर, एक वर, एक खाली, प्रत्येकी सहा सेंटिमीटरवर. जाड पुठ्ठ्यावर ठेवून दाभणाने भोकं पाडा. दोरा गोधडीचा घ्या, सुती आणि जाड. मशीनचा बारीक पॉलिएस्टर दोरा ओढला की कागद कापतो. लांबी वहीच्या उंचीच्या तिप्पट. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, बाहेरून वरच्या भोकात घाला, आतल्या बाजूने सरळ खालच्या भोकापर्यंत न्या (मधलं ओलांडून), तिथून बाहेर, आणि बाहेरून परत मधल्या भोकात. आता दोन्ही टोकं आत आली. मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना एकेक टोक ठेवून दुहेरी गाठ मारा. दोरा ओढायचा तो घडीच्या दिशेने. समोर ओढलात तर भोकं फाटतात.

कव्हरला जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, छापील बाजू आत. नाव, इयत्ता, विषय यांच्यासाठी कोरी पट्टी चिकटवा, त्यावर काही लिहू नका. वही ज्याची होणार त्यानेच नाव घालायचं.

जे सुटे कोरे कागद उरले, त्यांना डाव्या कडेपासून एक सेंटिमीटरवर बाजूने टाका घालून कच्च्या कामाचं पॅड करा. चित्रकलेला किंवा आकडेमोडीला चालतं.

दप्तराच्या चेनबद्दल: सरकते पण लागत नाही याचा अर्थ रनर ढिला झाला आहे. रनर सुरुवातीच्या टोकाला नेऊन पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबा, लगेच लावून बघा, गरज असेल तर पुन्हा. एकदम जोर लावला तर रनर तडकतो. तरीही जमलं नाही तर बॅगवाल्याकडून नवा बसवून घ्या, चार पैशांचं काम आहे. चेन न लागणारं दप्तर जूनच्या पावसात घेऊन जाणाऱ्या मुलाची पुस्तकं भिजतात.

---

बालाघाट

वरचं सगळं चांगलं आहे, पण क्रम उलटा करा असं सुचवेन. आधी कुणाला काय लागतं ते विचारा, मग कपाट उघडा. आपल्याकडे काय उरलंय तिथून सुरुवात केली की वस्तू ज्याच्या दारात जाते त्याच्यावर तिचं ओझं पडतं.

उदाहरणं देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात. त्यामुळे जुनी बालभारतीची पुस्तकं तिथे नकोच असतात, शिवाय पहिलीचं पुस्तक २०२५ च्या जूनपासून बदललं आहे. तिथे हवं असतं ते वाचायला गोष्टींची पुस्तकं, वह्या, पट्टी, कंपासपेटी, रंग. तुमच्या शाळेचा बिल्ला असलेला गणवेश दुसऱ्या शाळेत घालता येत नाही. बिल्ला उसवून शर्ट साधा म्हणून देता येईल, चौकड्यांचा स्कर्ट मात्र तुमच्याच शाळेतल्या खालच्या वर्गाला द्या.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागातून निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलं बरोबर असतील तर राहणं कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. वीज नाही, सामान ठेवायला जागा नाही, सगळं ट्रॅक्टरवर किंवा बैलगाडीवर लादायचं. तिथे बॅटरीवरचं मोठं खेळणं काय कामाचं? त्या मुलांना नोव्हेंबरच्या थंडीत स्वेटर, कानटोपी आणि धड बुटांचा जोड लागतो. फडात उसाची धसकटं पायात घुसतात. खेळायला दोरीच्या उड्या, चेंडू, पत्ते, सागरगोटे: जे पिशवीत मावतं आणि चार जण मिळून खेळता येतं. जी मुलं गावी हंगामी वसतिगृहात राहतात त्यांची गरज वेगळी: बादली, टॉवेल, चादर, पेटीला कुलूप.

वीटभट्टीचंही तसंच. काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पावसाच्या तोंडावर संपतं. तुम्ही जूनमध्ये उत्साहाने पिशव्या भरून जाल तेव्हा भट्टीवर कुणी नसेल.

तुमच्या शेजारच्या बांधकामावर थेट जाऊन वाटू नका. दहा वस्तू आणि पंचवीस मुलं असली की मारामारी होते आणि लहान मुलं रिकाम्या हाताने रडतात. साइटवर कुणी शाळा चालवतं का ते आधी बघा. मुंबईत १९८८ साली सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात बांधकामावरच्या मुलांसाठी काम करते. तिथल्या ताईंना फोन करून विचारा: मुलं किती, कोणत्या वयाची, आत्ता काय कमी आहे. हा फोन मुलीला ऐकू द्या, यादी तिला लिहू द्या. दुसरीतल्या मुलीला दहा ओळींची यादी सहज लिहिता येते आणि त्या यादीमुळे तिला पुढचं सगळं काम कळतं.

"त्यांच्याकडे का नाही?" हा प्रश्न ती विचारणारच. बिचारे, गरीब, नशीब असले शब्द टाळून खरं उत्तर द्या: त्यांचे आई-बाबा दिवसभर कष्टाचं काम करतात आणि त्या कामाचे पैसे कमी मिळतात. एवढं या वयाला पुरतं. चौथी-पाचवीच्या मुलांना उचल समजावून सांगता येते: हंगामाआधी मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणाऱ्याकडून) घेतलेली रक्कम, जी नवरा-बायको मिळून म्हणजे एक कोयता म्हणून तोड करून फेडतात आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा जावं लागतं. हे कळलेल्या मुलात तोरा येत नाही, कारण समोरच्याची अडचण त्याच्या आळसातून आलेली नाही हे त्याला समजलेलं असतं.

---

कलम_कागद

फोटोंबद्दल. बालगृहात किंवा अनाथाश्रमात वस्तू दिल्या तर तिथल्या मुलांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र प्रसिद्ध करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वाढदिवसाचा केक बालगृहात कापून फोटो टाकणारे पुष्कळ दिसतात, त्यांना हे ठाऊक नसतं.

कायदा बाजूला ठेवला तरी मुलांना रांगेत बसवून तुमच्या मुलीच्या हातून एकेक वही वाटू नये. साताठ वर्षांचं घेणारं मूल ओशाळतं आणि देणारंही. वस्तू संस्थेच्या कपाटात जाऊ द्या, मुलांना त्या त्यांच्या ताईंकडून मिळू द्या.

---

शुभदा (बालवाडी)

कलम_कागद यांच्याशी सहमत. पण मुलांनी कधीच भेटू नये, असा अर्थ कुणी काढू नये. भेट हवी असेल तर ती खेळायला असावी, रिकाम्या हाताने, आणि एकदाच जाऊन थांबू नये. वस्तीजवळच्या मैदानावर दर रविवारी लगोरी किंवा क्रिकेट. तिथे तुमची मुलं हरतातही, आणि ते फार चांगलं असतं.

---

मीनल_वारजे

खूप उपयोगी उत्तरं, सगळ्यांचे आभार. फोन उद्याच करते, यादी लेकीच्या हातची. दोन गोष्टी राहिल्या. बॅटरीवरची खेळणी बरीच आहेत, ती कुणालाच देऊ नयेत का? आणि मावशींना कसं विचारावं? त्यांच्या मुली सहा आणि नऊ वर्षांच्या आहेत, त्यामुळे बरंच काही उपयोगी पडेल असं वाटतं. पण मुलीने त्यांच्यासमोर "हे माझं जुनं, तुमच्या मुलींना घ्या" म्हटलेलं मला नको आहे.

---

देवकी_स

मावशींना एकट्या असताना विचारा, मुलगी घरात नसताना, आणि वस्तू हातात न धरता. "मावशी, हिचे सहा वर्षांच्या मापाचे चार फ्रॉक आहेत, चांगले आहेत. तुमच्या धाकटीला चालतील का? नको असतील तर मोकळेपणाने सांगा, दुसरीकडे देणार आहे." हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्याने नाही म्हणायची वाट मोकळी राहते. हो म्हणाल्या तर धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून द्या आणि पुन्हा कधी "घातला का गं फ्रॉक?" असं विचारू नका. घालायचा की नाही हे त्यांच्या घरचं.

दिलेली वस्तू पगाराच्या, दिवाळीच्या बोनसच्या किंवा सुट्टीच्या हिशोबात धरायची नाही. मुलं घरात हे बारकाईने बघत असतात. एकीकडे फ्रॉक द्यायचा आणि दुसरीकडे दोन खाड्यांचे पैसे कापायचे, तर मुलीला कोणता धडा मिळेल ते उघड आहे. तुमच्या मुलीने मावशींना "अहो मावशी" म्हणावं, पाणी विचारावं, आपलं ताट आपण उचलावं. कपाट आवरण्याइतकंच हेही लागतं.

आता बॅटरीची खेळणी. मोठ्या सेलवरची (पेन्सिल सेल) देता येतात, पण तपासून. सेल काढा. खाचेत पांढरा भुरभुरीत थर असेल तर अल्कलाइन सेल गळला आहे. हातमोजे घालून कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग कोरड्या काडीने पुसा, तासभर वाळू द्या आणि नवे सेल घालून चालवून बघा. स्प्रिंग गंजून तुटायला आली असेल तर ते ई-कचऱ्यात. पुण्यात कचरावेचकांच्या "स्वच्छ" या संस्थेचे व्ही-कलेक्ट नावाचे संकलन दिवस असतात, तिथे असं सगळं घेतात. चालणारं खेळणं देताना नवे सेल सोबत द्या. सेलचा खर्च परवडत नाही म्हणून बंद पडून राहणारं खेळणं मुलाला नुसतं हिणवत बसतं.

बटन सेलवर चालणारी खेळणी (गाणारी पुस्तकं, लुकलुकणाऱ्या चाव्या) असतील तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का ते बघा. होत नसेल तर कुणालाही देऊ नका आणि स्वतःच्या घरातही ठेवू नका. गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या पिशवीत सव्वातीन सेंटिमीटरच्या भोकातून जाईल असा कोणताही सुटा तुकडा नको, तो घशात अडकतो. मुलीला पुठ्ठ्याला तेवढं गोल भोक पाडून द्या, सगळं त्यातून पारखून बघायला तिला आवडेल.

कापडी खेळणी धुऊन दोन दिवस कडक उन्हात. वरून कोरडी वाटली तरी आतला कापूस ओला राहिला तर पावसाळ्यात कुबट वास येतो. वापरलेले आतले कपडे आणि पाण्याच्या बाटल्या देऊ नका, त्या नव्याच घ्याव्यात.

---

सातारकर

कपाट वर्षातून एकदा आवरलं जाईल, पण सवय रोजच्या गोष्टीने लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत (स्थापना १९१९) मुष्टिफंड होता: घरोघरच्या बाया स्वयंपाकाआधी मूठभर धान्य वसतिगृहातल्या मुलांसाठी बाजूला ठेवत. ते आजही घरात करता येतं. कुकर लावायच्या आधी मुलांनी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा. लहान मुलाची मूठ वीस ते तीस ग्रॅमची, महिन्याला पाऊण किलोच्या आसपास होतो. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओला हात घालू देऊ नका, पोरकिडे आणि जाळी होते. तांदूळ घरी शिजतो तोच हवा, द्यायला म्हणून वेगळा स्वस्तातला आणू नका. तीन महिन्यांनी जवळच्या एखाद्या वसतिगृहाला आधी विचारून तिथल्या कोठीत नेऊन द्या. धाकट्यालाही हे जमतं, कारण यात "माझं" म्हणून धरून ठेवावं असं काही नसतं.

---

बालाघाट

पिशव्या भरण्याबद्दल एक राहिलं. एका पिशवीत एका वयाचंच सामान, आणि वर मुलीच्या अक्षरात चिठ्ठी: "मुलगी, ६ ते ७ वर्षे. फ्रॉक २, लेगिंग १, स्वेटर १." किंवा "दुरेघी वह्या ४, पेन्सिली १०, खोडरबर २." बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा, नाहीतर जोड फुटतात आणि एकेकटा बूट वर्षभर कोपऱ्यात पडून राहतो. संस्थांत वस्तू निवडायला माणसं कमी असतात, चिठ्ठी नसलेली पोतडी महिनोन् महिने तशीच राहते.

वह्या-दप्तरं मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पोचवा. शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात (विदर्भात जूनअखेरीस), आणि त्याआधी ताईंना मुलांची मापं आणि इयत्ता जुळवायला वेळ लागतो. स्वेटर आत्ता देऊ नका. धुऊन, डांबराच्या गोळ्या न घालता, कडुनिंबाच्या पाल्यात बांधून वेगळे ठेवा आणि नवरात्रात काढा.